गेम सुरू केला की पीसी बंद पडतो: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

गेमिंग पीसीबद्दल येणाऱ्या प्रश्नांत एकच घोळ पुन्हा पुन्हा दिसतो. मशीन कुरकुरायला लागलं की पहिला संशय ग्राफिक्स कार्डावर, दुसरा विंडोजवर, तिसरा रॅमवर. ज्या डब्यातून या सगळ्यांना वीज जाते, त्याच्याकडे मात्र कोणी वळूनही बघत नाही. म्हणून पॉवर सप्लायच्या प्रश्नाला या वेळी मुद्दाम सविस्तर उत्तर दिलं आहे. बाकीची उत्तरं गरजेपुरती.

प्रश्न: नवीन ग्राफिक्स कार्ड टाकलं, तरी गेम पूर्वीइतकाच अडखळतो. ड्रायव्हरही पुन्हा टाकून झाला. कार्ड खराब निघालं असेल का?

मॉनिटरची केबल मदरबोर्डच्या पोर्टमध्ये लावली आहे का, ते आधी बघा. असेल तर काढून कार्डाच्या पोर्टमध्ये लावा. मग विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये रिफ्रेश रेट, म्हणजे पडदा सेकंदाला किती वेळा चित्र बदलतो, ते तपासा. १४४ हर्ट्झचा मॉनिटर अनेकांकडे ६० वरच चाललेला असतो. एवढं करूनही फरक पडला नाही, तरच कार्डावर शंका घ्या.

प्रश्न: जुनी डीडीआर४ रॅम नवीन डीडीआर५ मदरबोर्डवर चालेल का? एका व्हिडिओत चालते असं म्हटलं होतं.

नाही. या रॅमच्या दोन वेगळ्या पिढ्या आहेत, दोघींची खाचच वेगळ्या जागी असते. जोर लावाल तर स्लॉट तुटेल.

प्रश्न: एएम५ (एएमडी प्रोसेसरच्या सॉकेटचा प्रकार) मदरबोर्डवर नवीन पीसी जोडला. चालू केल्यावर फॅन फिरतात, पण पडदा काळाच. दोन-तीन मिनिटं वाट बघून बंद केलं, असं बरेचदा झालं. मित्र म्हणतो बोर्ड गेला. परत करू का?

थांबा. डीडीआर५ रॅम पहिल्यांदा लावल्यावर बोर्ड तिची जुळणी करून घेतो, त्याला मेमरी ट्रेनिंग म्हणतात. याला काही मिनिटं लागतात, आणि रॅम जास्त असेल तर दहा-पंधरा मिनिटंही जाऊ शकतात. तेवढा वेळ पडदा काळाच राहतो. तुम्ही मध्येच बटण दाबता, त्यामुळे ते काम दर वेळी पहिल्यापासून सुरू होतं. चालू करा आणि हात लावू नका.

पंधरा-वीस मिनिटांनंतरही काही दिसलं नाही, तर बोर्डच्या कडेला असलेले छोटे दिवे बघा. त्यांच्याशेजारी सीपीयू (प्रोसेसर), डीरॅम (रॅम), व्हीजीए (ग्राफिक्स कार्ड), बूट (विंडोज सुरू होणं) असं लिहिलेलं असतं. जो दिवा लागलेला राहील, तिथे बोर्ड अडला आहे. डीरॅमचा असेल तर एकच रॅम ठेवा. चार स्लॉट असतील तर ती प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या स्लॉटमध्ये बसवा. दोन रॅम असतील तर दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये. बहुतेक बोर्डांवर हाच क्रम असतो, पण मॅन्युअल उघडून खात्री करा. सीपीयूचा दिवा लागून राहिला तर स्वतः प्रोसेसर काढू-घालू नका. एएम५ च्या सॉकेटमधल्या पिना नाजूक असतात, आणि वाकलेली पिन दिसली की वॉरंटीवर पाणी सोडावं लागतं. विक्रेत्यासमोरच उघडून घ्या.

प्रश्न: "आय-७ प्रोसेसर, १६ जीबी रॅम, ४ जीबी ग्राफिक्स" असा तयार गेमिंग पीसी स्वस्तात मिळतोय. घ्यावा का?

या जाहिरातीत प्रोसेसरची पिढी नाही, कार्डाचं नाव नाही आणि पॉवर सप्लायचा तर उल्लेखच नाही. हे विसरून राहिलेलं नसतं. आय-७ २६०० हा प्रोसेसर २०११ सालचा, तोही आय-७ च. २०२२ मध्ये आलेल्या आय-३ १२१०० मध्येही तितकेच चार कोर आहेत, आणि तो त्याला कितीतरी मागे टाकतो. विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढेच चालते, म्हणजे असा पीसी घेतल्या दिवसापासूनच मागे पडलेला असतो. "४ जीबी ग्राफिक्स" हेही तसंच. मेमरीचा आकडा कार्डाचा वेग सांगत नाही.

प्रोसेसर, मदरबोर्ड, ग्राफिक्स कार्ड आणि पॉवर सप्लाय या चौघांचे पूर्ण मॉडेल क्रमांक बिलावर लिहून मागा. विक्रेता टाळाटाळ करत असेल तर निघून या. कार्ड जुनं असेल तर पैसे देण्याआधी जीपीयू-झेड हे मोफत सॉफ्टवेअर चालवून बघा. बायोस (कार्डातलं मूळ सॉफ्टवेअर) बदलून दुसऱ्याच नावाने विकलेली कार्डं ते बऱ्याचदा पकडतं.

प्रश्न: आरटीएक्स ३०७० टाकल्यापासून मोठा गेम सुरू केला की पाच-दहा मिनिटांत पीसी एकदम बंद होतो, कधी आपोआप पुन्हा सुरू होतो. इतर वेळी दिवसभर व्यवस्थित चालतो. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (बिघाडांच्या नोंदवहीत) "कर्नल-पॉवर ४१" दिसतं. विंडोज पुन्हा टाकून झाली, रॅम बदलून झाली. पॉवर सप्लाय सहा वर्षांपूर्वीचा, ५०० वॅटचा आहे, पण "८० प्लस" असल्यामुळे तो चांगलाच आहे. हे गेले चार महिने चाललंय.

चार महिने! दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, असंच झालं हे.

आधी लक्षणं वेगळी करा. गेम बंद होऊन डेस्कटॉपवर येणं, निळा पडदा येणं आणि वीज गेल्यासारखं मशीन क्षणात बंद होणं, ही तीन वेगवेगळी दुखणी आहेत. तिसरं झालं की नजर आधी पॉवर सप्लायकडे गेली पाहिजे. "कर्नल-पॉवर ४१" या नोंदीला लोक निदान समजतात आणि तिच्यावर तासन्‌तास शोधाशोध करतात. तिचा अर्थ एवढाच, की गेल्या वेळी विंडोज नीट बंद झाली नव्हती. ती का झाली नाही, हे त्या नोंदीत नसतं.

आता "८० प्लस". हे चिन्ह कार्यक्षमता सांगतं, म्हणजे भिंतीतून घेतलेल्या विजेपैकी किती आत पोहोचते आणि किती उष्णता होऊन वाया जाते. आतले कपॅसिटर (वीज साठवणारे भाग) कसे आहेत, जादा भार आल्यावर संरक्षण वेळेवर काम करतं का, व्होल्टेज किती स्थिर राहतं, यातलं काहीही ते चिन्ह सांगत नाही. दुकानात मात्र ते दर्जाचं पदक असल्यासारखं दाखवलं जातं. याचा मला मनापासून राग आहे, कारण त्या एका चिन्हावर विश्वास ठेवून लोक महागडं कार्ड कसल्याही डब्याला जोडतात.

सप्लायच्या अंगावरचं लेबल वाचा. त्यात १२ व्होल्टच्या रकान्याखाली अँपिअर दिलेले असतात. प्रोसेसर आणि कार्ड जवळजवळ सगळी वीज याच रकान्यातून घेतात. तिथे २५ अँपिअर लिहिलं असेल तर बारा गुणिले पंचवीस, म्हणजे ३०० वॅट. बाहेर मोठ्या अक्षरात ५०० लिहिलेलं असलं तरी तुमच्या कामाचे तीनशेच. आरटीएक्स ३०७० चा अधिकृत वापर २२० वॅट आहे, आणि एनव्हिडियाने त्यासाठी ६५० वॅटचा सप्लाय सुचवला आहे. हा आकडा वाढवून सांगितलेला वाटतो, पण त्याला कारण आहे. कार्डाचे २२० वॅट ही सरासरी असते. दृश्य बदललं की एखाद्या क्षणासाठी, सेकंदाच्या अगदी छोट्या भागापुरता, कार्ड त्याहून बरीच जास्त वीज ओढतं. सप्लायला तो झटका पेलला नाही, की त्याचं संरक्षण सगळं बंद करतं. तुमचा पीसी ब्राउझर उघडताना पडत नाही आणि गेममध्येच पडतो, तो याचमुळे असण्याची शक्यता मोठी आहे. हे झटके इतके त्रासदायक ठरले, की २०२२ मध्ये आलेल्या पॉवर सप्लायच्या एटीएक्स ३.० मानकात त्यासाठी अटच घातली गेली: १०० मायक्रोसेकंदांपुरता, क्षमतेच्या दुप्पट भार पेलता आला पाहिजे. मल्टिमीटर लावून "बारा व्होल्ट येतात, सप्लाय ठीक आहे" म्हणणाऱ्यांना हा झटका दिसतच नाही.

खात्री करायची असेल तर कार्डाची पॉवर लिमिट सॉफ्टवेअरमधून सत्तर टक्क्यांवर आणा, फ्रेम रेट (सेकंदाला दिसणारी चित्रं, म्हणजेच एफपीएस) ६० वर बांधा आणि तोच गेम खेळून बघा. बंद पडणं थांबलं तर संशय पक्का होतो. हे फक्त निदान आहे, यावर आणखी चार महिने काढू नका.

कार्डाला दोन आठ पिनी जोड असतील तर एकाच केबलची दोन तोंडं दोन्हीकडे लावली आहेत का, तेही पाहा. मानकानुसार एका आठ पिनी जोडाची मर्यादा १५० वॅट, आणि मदरबोर्डच्या स्लॉटमधून कार्डाला ७५ वॅट मिळतात. सप्लायवर जागा असेल तर प्रत्येक जोडाला स्वतंत्र केबल द्या. पीसी बंद करा, भिंतीतला प्लग काढा, मग कार्डाकडची केबल उपसून तिच्या तोंडाजवळून बघा. एखाद्या पिनेभोवतीचं प्लास्टिक तपकिरी झालं असेल, मऊ पडल्यासारखं दिसत असेल किंवा जळका वास येत असेल, तर तो पीसी पुन्हा चालू करायचा नाही.

आणि सप्लाय उघडायचा नाही. आतल्या मोठ्या कपॅसिटरवर साधारण ४०० व्होल्ट असतात, आणि प्लग काढल्यानंतरही ते काही काळ तिथे राहतात. फॅन साफ करण्यासाठी झाकण उघडणारे व्हिडिओ बघून कोणी हे करू नये. सहा वर्षांच्या ५०० वॅटच्या सप्लायची दुरुस्ती करण्यात अर्थही नाही. तुमचा प्रोसेसर आणि कार्ड सांगून जाणकाराकडून क्षमता ठरवून घ्या, आणि नेमक्या त्या मॉडेलची मोजमाप करून केलेली परीक्षणं वाचा. एकाच कंपनीचे दोन सप्लाय दर्जात खूप वेगळे असू शकतात.

प्रश्न: सप्लाय बदलताना जुन्या मॉड्युलर (सप्लायपासून सुट्या होणाऱ्या) केबल तशाच ठेवल्या तर चालेल का? तोंडं तर बरोबर बसतात.

अजिबात नाही. सप्लायच्या बाजूच्या पिनांचा क्रम कुठल्याही मानकाने ठरवलेला नाही. तोंड बसतं, आणि ५ व्होल्टच्या जागी १२ व्होल्ट जातात. एसएसडी आणि हार्ड डिस्क अशाच जळतात, त्यांच्यासोबत सगळा डेटा जातो. एकाच कंपनीच्या दोन मालिकांतही फरक असतो. नवीन सप्लायसोबत आलेल्याच केबल वापरा. आधीच जुन्या लावल्या असतील तर हे वाचून होताच प्लग काढा.

प्रश्न: कॅबिनेटच्या धातूला हात लागला की मुंग्या येतात. सगळे म्हणतात, कॉम्प्युटरला असं होतंच, रबरी चप्पल घालून बस.

"होतंच" म्हणून सोडून देऊ नका. सप्लायच्या आत विजेतली खरखर गाळणारे छोटे कपॅसिटर असतात, ते विजेच्या तारांपासून धातूच्या खोक्याला जोडलेले असतात. अर्थिंग नीट असेल तर त्यांतून येणारा बारीक प्रवाह जमिनीत जातो. अर्थिंग नसेल तर खोक्यावर व्होल्टेज साठून राहतं आणि तुमच्या हातातून वाट काढतं. म्हणजे बहुधा तुमचं अर्थिंग तुटलेलं आहे. कधी कारण याहून गंभीर असतं, इन्सुलेशन खरंच खराब झालेलं असतं, आणि नुसत्या हाताला हा फरक समजत नाही. चपलेने अर्थिंग दुरुस्त होत नाही. पीसी बंद ठेवा, इलेक्ट्रिशियनकडून सॉकेट आणि घराचं अर्थिंग मोजून घ्या. तिसरी पिन गाळणारा अडॅप्टर वापरत असाल तर तो आजच काढा.

प्रश्न: एका संकेतस्थळावर प्रोसेसर आणि कार्ड टाकलं तर "३२ टक्के बॉटलनेक" आला. प्रोसेसर बदलू?

बॉटलनेक म्हणजे एका भागामुळे दुसरा अडणं, पण त्या टक्केवारीला काही अर्थ नाही. तीच जोडी एका गेममध्ये प्रोसेसरपाशी अडेल, दुसऱ्यात कार्डापाशी. स्वतःच्या गेममध्ये रिझोल्यूशन कमी करून बघा. एफपीएस बऱ्यापैकी वाढले तर अडथळा कार्डाचा होता. जवळपास तेवढेच राहिले तर प्रोसेसरचा किंवा रॅमचा. खरेदीचा निर्णय त्यानंतर.

प्रश्न: रायझन ७ ७७००एक्स ९५ अंशांवर जातो. दर महिन्याला प्रोसेसर आणि कूलरमधली पेस्ट बदलतोय. आणखी काय करू?

पेस्ट बदलणं थांबवा. या मालिकेतले "एक्स" प्रोसेसर पूर्ण ताण आल्यावर ९५ अंशांपर्यंत जाऊन तिथे वेग सांभाळतील, असेच बनवलेले आहेत. नुसता डेस्कटॉप उघडा असताना तापमान सत्तरच्या पुढे राहत असेल तर मात्र कूलर नीट बसलेला नाही, किंवा त्याच्या तळाची प्लास्टिकची पट्टी काढायची राहिली आहे. ते एकदा कोणाकडून तरी तपासून घ्या.

प्रश्न: इंटेल आय-९ १३९००के आहे. शेडर (गेमची दृश्यं रंगवणारे छोटे प्रोग्रॅम) तयार होताना गेम बंद होतो, "व्हिडिओ मेमरी संपली" असा संदेश येतो. कार्डात तर २४ जीबी मेमरी आहे. बायोस (मदरबोर्डचं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करायला भीती वाटते म्हणून थांबलोय.

इथे थांबण्यानेच नुकसान वाढतं. तेराव्या आणि चौदाव्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरमध्ये जास्त व्होल्टेजमुळे चिप हळूहळू खराब होण्याचा दोष निघाला, आणि संदेश मेमरीचा असला तरी मूळ बऱ्याचदा प्रोसेसरमध्येच असतं. ऑगस्ट २०२४ पासून नवीन मायक्रोकोडचे, म्हणजे प्रोसेसरला आतून चालवणाऱ्या सुधारित सूचनांचे, बायोस आले. ते पुढची झीज रोखण्यासाठी आहेत; झालेली झीज भरून येत नाही. म्हणून बायोस अद्ययावत करा, त्यानंतरही गेम पडत असेल तर प्रोसेसर बदलून मागा. इंटेलने या प्रोसेसरांची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली, प्रोसेसर सुटा, खोक्यातून घेतलेल्यांसाठी ती एकूण पाच वर्षं झाली. तयार पीसी असेल तर त्याच्या कंपनीकडे जा. बायोसची भीती वाटत असेल तर सर्व्हिस सेंटरमधून करून घ्या, पण या आठवड्यात.

प्रश्न: रॅम ६००० ची घेतली, टास्क मॅनेजर ४८०० दाखवतो. फसवणूक झाली का?

नाही. बायोसमध्ये एक्सपो किंवा एक्सएमपी, म्हणजे रॅमला तिच्या जाहीर वेगावर चालवणारी सेटिंग, चालू करा. त्यानंतर मशीन अडखळू लागलं तर ते परत बंद करा, आणि ही रॅम तुमच्या बोर्डच्या यादीत आहे का, ते विक्रेत्याला विचारा.