‘यंत्राने कान आळशी होतो’ या एका वाक्यापायी आमची सहा वर्षं गेली

तुमचे वडील ६४ वर्षांचे आहेत, टीव्ही मोठ्याने लावतात, ‘आवाज येतो पण कळत नाही’ म्हणतात. वयामुळे होतंच म्हणून सोडून द्यावं का, श्रवणयंत्राने कान आणखी बिघडतो का आणि कोणतं यंत्र घ्यावं, असं तुम्ही विचारलंय.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण तो माझ्या घरातला प्रश्न आहे. नाही बिघडत. ज्यांनी हे तुम्हाला सांगितलं त्यांचं या बाबतीत ऐकू नका, मग ते कितीही वडीलधारे असोत.

माझे आबा इचलकरंजीत ३४ वर्षं कापडाच्या साध्या यंत्रमागावर होते. बारा तासांची पाळी, एका माणसाकडे चार-सहा माग. आडवा धागा नेणारा धोटा इकडून तिकडे आपटत असतो, त्या शेडमध्ये शेजारच्याशी बोलायचं तर कानाला तोंड लावावं लागतं, नाहीतर हाताच्या खुणा. तेव्हाच्या कारखाना कायद्याच्या नियमांत आठ तासांसाठी आवाजाची ९० डेसिबलची मर्यादा होती आणि गोंगाटाने येणारा बहिरेपणा त्या कायद्याच्या व्यवसायजन्य रोगांच्या यादीतही होता. आबांना मालकाने कधी कानात घालायला साधा बोळा दिला नाही. कुणी मागितलाही नाही.

२०१३ साली माझ्या धाकट्या बहिणीच्या सोयरिकीची बैठक होती. मुलाच्या आत्यांनी आबांना विचारलं, “चहात साखर चालते ना?” आबा म्हणाले, “नको नको, आत्ताच जेवलोय.” त्यांना ‘भाकर’ ऐकू आलं होतं. सगळे हसले. कुणी वाईट मनाने हसलं नाही, पण त्या दिवसापासून आबा बैठकीत भिंतीकडेची जागा धरू लागले. लग्नातसुद्धा त्यांनी कुणाशी दोन वाक्यं बोलल्याचं मला आठवत नाही.

तेव्हाच कान दाखवायला हवा होता. पण माझे थोरले काका म्हणाले, “वय झालं की हुतंयच. यंत्र लावलास की कान आळशी हुतोय, मग हाय ते बी जातंय.” त्यांनी लसणीचं कोमट तेल घालायला सांगितलं, आईने घातलं. पुढच्या वर्षी मी हट्टाने एका दुकानातून साडेचार हजारांचं यंत्र आणलं. तपासणी नाही, काही नाही. त्यात भांड्यांचा खणखणाट जितका वाढला तितकंच बोलणं वाढलं. तीन दिवसांत ते डबीत गेलं आणि काका जिंकले.

२०१९ मध्ये शेवटी आबांची नीट तपासणी झाली, बंद खोलीत, हेडफोन लावून. तपासणीचा आलेख हातात घेऊन ऑडिओलॉजिस्ट (ऐकणं तपासणाऱ्या) बाईंनी पहिला प्रश्न विचारला, “मागावर होता का?” आम्ही काहीच सांगितलं नव्हतं. रेघ जाड आवाजांना बरी होती आणि ४००० हर्ट्झजवळ, म्हणजे बारीक आवाजांपाशी, खड्ड्यात गेली होती. गोंगाटाची ही खूण असते. कानाच्या आत शंखासारख्या भागात केसांसारख्या बारीक पेशी असतात, एका कानात पंधरा-सोळा हजार. गोंगाट त्यांतल्या बारीक, चिरक्या आवाजाच्या पेशी आधी मारतो आणि माणसाच्या कानात त्या पुन्हा उगवत नाहीत. स्वर जाड आवाजात असतात, ते पोचतात. ‘स’, ‘श’, ‘थ’, ‘फ’ बारीक, ते गळतात. ‘साखर’मधला आकार आबांपर्यंत पोचला होता, ‘स’ पोचला नव्हता. तुमच्या वडिलांचं ‘आवाज येतो पण कळत नाही’ बहुतेक हेच आहे. त्यांच्याशी ओरडून बोलू नका. ओरडण्याने स्वरच मोठे होतात. समोर बसून सावकाश बोला.

यंत्र बाईंनी त्या आलेखाप्रमाणे कॉम्प्युटरवर बसवून दिलं, दोन्ही कानांना. पहिला आठवडा वाईट गेला. पंखा, नळ, स्वतःचा आवाज, सगळंच त्यांना टोचत होतं. रोज एक तास, मग दोन, असं वाढवत नेलं. पाचव्या आठवड्यात आई स्वयंपाकघरातून पाठमोरी काहीतरी पुटपुटली आणि आबा सोप्यातून म्हणाले, “मला म्हणालीस का?” आई गॅस बंद करून बाहेर आली आणि त्यांच्याशेजारी बसून राहिली.

तरी शांत खोलीतसुद्धा आबांना शंभरातले साठ-पासष्ट शब्दच कळतात. शब्द ऐकायची मेंदूची सवय मोडली की ती पूर्ण परत येईलच असं नाही. त्यातलं किती माग खाऊन गेला आणि किती ती सहा वर्षं, हे कुणी मोजून देऊ शकत नाही. पण काका म्हणत होते त्याच्या बरोबर उलट आहे. आळशी होतो तो न ऐकणारा कान.

कोणतं यंत्र घ्यावं हे आलेख बघितल्याशिवाय कुणीच सांगू नये, मीही सांगत नाही. जो दुकानदार तपासणीआधी किंमत सांगतो त्याच्याकडून उठून या. घेतलं की पावसाळ्यात रात्री सिलिका जेलच्या डबीत ठेवा, ओल यंत्राला मारते.

आणि हे आधीच लिहायला हवं होतं. यंत्राच्या आधी कान-नाक-घशाचे डॉक्टर. नुसता मळ असू शकतो, पडद्याला भोक असू शकतं (म्हणून तेल घालू नका), मधल्या कानातलं हाड आखडलेलं असू शकतं. त्यांतल्या बऱ्याच गोष्टी औषधाने किंवा ऑपरेशनने सुधारतात. एकाच कानाने कमी ऐकू येत असेल तर तेही डॉक्टरांना आवर्जून सांगा. आणि कान एक-दोन दिवसांत अचानक गेला असेल तर त्याच दिवशी गाठा. स्टेरॉइडचा उपयोग सुरुवातीच्या दिवसांतच जास्त होतो. पैशांची अडचण असेल तर मुंबईत वांद्र्याला ऐकण्या-बोलण्याच्या अडचणींसाठीची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. ४० टक्के अपंगत्वाचं प्रमाणपत्र असेल आणि उत्पन्न मर्यादेत असेल तर अपंगांना साधनं देणाऱ्या केंद्र सरकारच्या एडिप योजनेतून यंत्र मिळतं.

काकांचा मुलगा अजून मागावर आहे. गेल्या दिवाळीत मी त्याला कानात घालायचे फोमचे बोळे नेऊन दिले. काका शेजारीच बसले होते, त्यांना मी दोनदा हाक मारली तेव्हा त्यांनी मान वळवली.