पुढचे शॉकअप मऊ पडलेत? आधी मोजा, मग ऑइल ओता

प्रश्न : मोटरसायकल जुनी आहे. ब्रेक मारला की पुढचे शॉकअप पार खाली जातात आणि खोल खड्ड्यात ‘ठक्’ असा लोखंडी आवाज येतो. मेकॅनिकने जाड ऑइल भरून दिलं. आता छोटे खड्डेही मनगटाला बसतात, पण ब्रेकवर गाडी वाकायची तेवढीच वाकते. याहून जाड ऑइल भरावं का?

उत्तर : नको. उलट आत्ता भरलंय तेच काढावं लागेल.

फोर्कच्या, म्हणजे पुढच्या शॉकअपच्या, नळीत तीन गोष्टी असतात आणि तिघींची कामं वेगळी आहेत. गाडी किती खाली बसणार हे स्प्रिंग ठरवते. किती वेगाने खाली-वर होणार हे ऑइल ठरवतं. आणि ऑइलच्या वर कोंडलेली हवा शेवटच्या तिसऱ्या हिश्श्यात जोर लावून फोर्कला तळाशी आपटू देत नाही. तुमची तक्रार पहिल्या आणि तिसऱ्या गोष्टीची आहे, उपचार मात्र दुसरीवर झाला.

जुन्या गाड्यांत बहुतेक डॅम्पर रॉडचा फोर्क असतो. त्यात ऑइल त्या रॉडमधल्या ठरावीक मापाच्या भोकांतून ढकललं जातं. अशा भोकाचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो : वेग दुप्पट झाला की अडथळा चौपट. ब्रेक लावल्यावर फोर्क तुलनेने सावकाश दबतो, म्हणून जाड ऑइलही तिथे फारसं अडवत नाही. ब्रेक धरून ठेवला तर गाडी शेवटी तेवढीच खाली जाते, फक्त क्षणभर उशिरा. खड्ड्याच्या धारदार कडेवर मात्र फोर्कचा वेग कितीतरी जास्त असतो. तिथे तेच ऑइल जवळजवळ घट्ट होऊन बसतं आणि दणका थेट हँडलला येतो. शिवाय फोर्क परत वर यायलाही वेळ घेतो. लागोपाठ खड्डे आले की पूर्ण उघडायच्या आत पुढचा खड्डा हजर, आणि फोर्क दर वेळी थोडा-थोडा खालीच राहत जातो. हँडल जड आणि शॉकअप मऊ, हे दोन्ही एकाच वेळी जाणवतं ते यामुळे.

गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या जाडीचं ताजं ऑइल भरा आणि आधी सॅग मोजा, म्हणजे वजनाने फोर्क किती बसतो ते. फोर्कच्या चकचकीत पाइपवर, धूळ-सीलला लागून, एक केबल टाय सैलसर बांधा. मेन स्टँडवर पुढचं चाक अधांतरी करा आणि सीलच्या कडेपासून वरच्या ब्रॅकेटपर्यंतचं अंतर घ्या. मग गाडी चाकांवर उभी करून तेच अंतर घ्या, आणि शेवटी नेहमीच्या कपड्यांत, हेल्मेटसह, दोन्ही पाय वर घेऊन बसल्यावर दुसऱ्याकडून मोजून घ्या. जुन्या फोर्कमध्ये सीलची पकड बरीच असते. म्हणून प्रत्येक माप दोनदा घ्यायचं : एकदा हँडल दाबून हळूच वर येऊ देऊन, एकदा उचलून हळूच खाली बसू देऊन. दोन्हींची सरासरी खरी. 120 ते 130 मिमी चाल (फोर्क एकूण जितका दबू शकतो ते अंतर) असलेल्या रस्त्यावरच्या गाडीला नुसत्या गाडीचा सॅग 15 ते 20 आणि चालकासह 30 ते 35 मिमी असावा.

मोजण्याआधी टायरमधली हवा बघा, हे सांगायची गरज पडू नये, पण पडते.

प्रश्न : माप घेतलं. चाल 125 मिमी. नुसती गाडी 22 मिमी बसते, मी बसल्यावर 48. स्प्रिंगच्या वर स्पेसर (पाइपचा तुकडा) टाकून भागेल, की स्प्रिंगच बदलावी लागेल?

उत्तर : दोन आकड्यांतला फरक बघा : 26 मिमी. स्पेसरने तो फरक बदलत नाही. 13 मिमीचा स्पेसर वाढवलात तर 48 चे 35 होतील, पण 22 चे 9 होतील. गाडी उंच राहील, स्प्रिंग तेवढीच मऊ राहील. स्पेसरने मिळतो तो प्रीलोड, म्हणजे आधीच दिलेला दाब, कडकपणा नव्हे. चालकासह माप बरोबर आलं तरी नुसत्या गाडीचा सॅग 10 च्या खाली गेला, तर स्प्रिंग चालकाच्या वजनाला कमी पडतेय असं समजावं. शिवाय अशा गाडीचं पुढचं चाक उंचवट्यावरून उतरताना खाली पोचायला जागाच राहत नाही, आणि फोर्क वरच्या टोकाला ‘टक्’ करतो.

जुनी स्प्रिंग ‘मऊ पडते’ असं सगळेच म्हणतात. गंजून तार बारीक झाली नसेल तर पोलादाचा कडकपणा वर्षांनी कमी होत नाही. कमी होते ती लांबी. पुस्तिकेत मोकळ्या स्प्रिंगची किमान लांबी दिलेली असते. तुमची स्प्रिंग 8 मिमी आखूड भरली तर 8 मिमीचा स्पेसर ती उणीव पुरती भरून काढतो. स्पेसरचं खरं काम हे.

तुमच्या स्प्रिंगचा कडकपणा किती, ते व्हर्नियरने काढता येतं. तारेची जाडी (मिमी) चार वेळा मांडून गुणाकार करा (चौथा घात), त्याला 78,500 ने गुणा. मग वेटोळ्याचा सरासरी व्यास, म्हणजे बाहेरचा व्यास वजा एका तारेची जाडी, तीन वेळा मांडून गुणाकार करा (घन), त्याला 8 ने आणि काम करणाऱ्या (टोकाची मिटलेली सोडून) वेटोळ्यांच्या संख्येने गुणा. पहिल्याला दुसऱ्याने भागलं की न्यूटन प्रति मिमी. तार 4 मिमी, सरासरी व्यास 22, वेटोळी 45 असतील तर उत्तर येतं 5.2, म्हणजे साधारण 0.53 किलो प्रति मिमी. हेच सगळं ठेवून तार फक्त 4.2 मिमी केली तर 0.65. तारेतला 0.2 मिमीचा फरक स्प्रिंग पाचव्या हिश्श्याहून जास्त कडक करतो, त्यामुळे तार मोजताना रंग आणि गंज खरवडून काढा.

सोपा हिशोब करायचा तर फोर्कच्या दोन पायांची मिळून 1.0 किलो प्रति मिमी धरा. 26 मिमीचा फरक म्हणजे तुमचं सुमारे 26 किलो वजन पुढे येतं. प्रत्येकी 0.65 च्या स्प्रिंगा टाकल्या तर दोन्ही मिळून 1.3, आणि फरक 20 मिमीवर येईल. जुना प्रीलोड 20 मिमी होता असं धरलं तर नव्या स्प्रिंगांना 17 पुरतो आणि सॅग 15 व 35 येतो. कडक स्प्रिंगेला प्रीलोड कमी लागतो. जुनाच लांब स्पेसर तसाच ठेवून गाडी उगाच ताठ करणारे पुष्कळ आहेत.

स्पेसरसाठी जाड भिंतीचा प्लंबिंगचा पाइप चालतो. वायरिंगचा पातळ पाइप नको, तो चिरतो. दोन्ही टोकं काटकोनात कापा, धार घासून काढा आणि स्प्रिंग व पाइप यांच्यामध्ये पोलादी वॉशर घाला. वॉशर नसेल तर स्प्रिंगचं टोक प्लॅस्टिकमध्ये रुतत जातं आणि महिन्याभरात प्रीलोड हरवतो. दोन्ही बाजूंचे स्पेसर एकाच मापाचे हवेत.

प्रश्न : कडक स्प्रिंग मिळत नाही. आहे तीच कापून आखूड केली तर कडक होते असं ऐकलं. खरं आहे का?

उत्तर : खरं आहे, आणि नीट केलं तर टिकतंही. वेटोळी जितकी कमी, तितकी स्प्रिंग कडक. 45 पैकी 5 काढलीत तर 45 भागिले 40, म्हणजे साडेबारा टक्के वाढ. वरच्या उदाहरणातली 0.53 ची स्प्रिंग 0.60 होते. जेवढी लांबी गेली तेवढा स्पेसर वर घालायचा, मग सॅग मोजून तो कमी-जास्त करायचा.

कापण्याआधी एक गणित मात्र करा. उरलेली वेटोळी, टोकाची धरून, गुणिले तारेची जाडी म्हणजे स्प्रिंग पूर्ण मिटल्यावरची लांबी. मोकळ्या लांबीतून ती वजा केली की जे उरतं ते फोर्कची चाल आणि प्रीलोड यांच्या बेरजेपेक्षा किमान 10 मिमीने जास्त हवं. नाहीतर वेटोळी एकमेकांवर आपटतील.

एका टोकाला दाट वेटोळी असलेली स्प्रिंग असेल तर गोष्ट वेगळी. दाट बाजू कापली की सुरुवातीचा मऊपणा जातो, पण शेवटचा कडकपणा वाढत नाही, कारण दाट वेटोळी तिथे आधीच मिटलेली असतात. शेवटही कडक हवा असेल तर विरळ बाजूने कापावं लागतं, आणि तिथे दोन-तीन वेटोळ्यांवर जाऊ नये.

पातळ चकतीच्या ग्राइंडरने, थांबत-थांबत, पाण्यात बुडवत कापा. टोक निळं पडलं की तिथल्या पोलादाचं पाणी, म्हणजे कठीणपणा, उतरला. टोक लाल करून सपाट वाकवण्याच्या फंदात पडू नका. कापलेली बाजू वर, वॉशरखाली ठेवा.

प्रश्न : ऑइल किती भरायचं? पुस्तिकेत नुसते सीसी दिलेत.

उत्तर : सीसीचा आकडा फोर्क पूर्ण खोलून कोरडा केला असेल तरच खरा. नुसतं ड्रेन स्क्रूमधून काढलं तर काही ऑइल आतच राहतं, आणि तेवढंच पुन्हा ओतलं तर पातळी चढते. म्हणून पातळी मोजावी. स्प्रिंग बाहेर काढा, फोर्क उभा धरून पूर्ण दाबा, ऑइल ओता, पाइप सावकाश दहा वेळा वर-खाली करा म्हणजे डॅम्परमधली हवा निघेल. दहा मिनिटं थांबा. मग पुन्हा पूर्ण दाबून पाइपच्या वरच्या कडेपासून ऑइलपर्यंतचं अंतर पट्टीने घ्या. बहुतेक फोर्कना ते 120 ते 160 मिमीच्या आसपास येतं. पहिल्यांदा पुस्तिकेप्रमाणे सीसी भरून जे अंतर येईल ते लिहून ठेवा, तो तुमचा पाया.

स्प्रिंग बरोबर असूनही फोर्क तळाला लागत असेल तर पातळी 10 मिमीने वाढवा. पाइपचा आतला व्यास 28 मिमी असेल तर 10 मिमीला सव्वासहा सीसी लागतात, म्हणजे मोठी सिरिंज पुरते. पाइपवरचा केबल टाय खाली सरकवून जोरात ब्रेक मारत एक फेरी मारा. चालीतले शेवटचे 10 मिमी शिल्लक राहिले की थांबा. कडेपासूनचं अंतर 100 मिमीच्या आत आणू नका. हवेला जागाच उरली नाही तर दाब सीलवर जातो आणि सील बाहेर फेकलं जातं.

जाडीचं म्हणाल तर बाटलीवरचे 10 डब्ल्यू, 15 डब्ल्यू हे आकडे सगळ्या कंपन्यांत एकसारखे नसतात. एकीचं 10 दुसरीच्या 15 जवळ जातं. तुलना करायची तर 40 अंश सेल्सिअसवरचा सेंटिस्टोक्सचा (ऑइलच्या जाडीचं माप) आकडा बघा. स्प्रिंग कडक केल्यावर फोर्क परत येताना उसळत असेल, तर तेव्हा आणि तेव्हाच एक पायरी जाड ऑइल. हँडल दाबून सोडल्यावर फोर्क एकदा वर येऊन स्थिरावला पाहिजे. पुन्हा डोलला तर ऑइल पातळ आहे किंवा डॅम्पर रॉडवरची रिंग झिजली आहे. झिजलेल्या रिंगेवर जाड ऑइल हा उतारा नाही, रिंग बदला.

प्रश्न : वरचं झाकण खोलताना स्प्रिंग उडते का?

उत्तर : उडते, आणि तोंडावर येते. पुढचं चाक अधांतरी ठेवा म्हणजे स्प्रिंगवर फक्त प्रीलोड उरतो. आधी वरच्या ब्रॅकेटचा पाइप आवळणारा बोल्ट सैल करा, नाहीतर झाकणाचे आटे धरून राहतात. शेवटचे दोन आटे उरले की पान्यावर वरून वजन द्या. झाकणाला आटे नसून आत सर्क्लिप (खाचेत बसणारी कडी) असेल तर झाकण खाली दाबून धरायला दुसरा माणूस घ्या. एका वेळी एकच बाजू खोला.

पूर्ण खोलायचं असेल तर तळाचा ॲलन बोल्ट स्प्रिंग आत असतानाच सैल करा. स्प्रिंगच्या दाबाने डॅम्पर रॉड धरून राहतो. नंतर प्रयत्न केलात तर बोल्टबरोबर रॉडही फिरतो. त्याखालचं तांब्याचं वॉशर दर वेळी नवं.

प्रश्न : दाट वेटोळी वर ठेवायची की खाली?

उत्तर : कडकपणात काही फरक नाही. पुस्तिकेत दिलंय तसं ठेवा आणि दोन्ही बाजूंना सारखं ठेवा.

प्रश्न : झाकणाला व्हॉल्व्ह बसवून हवा भरली तर?

उत्तर : 1970 च्या दशकाच्या शेवटी आणि 80 च्या सुरुवातीला काही जपानी गाड्यांत कंपनीकडूनच अशी सोय होती. त्या गाड्यांना पुस्तिकेतल्या मर्यादेत, चाक अधांतरी ठेवून, हातपंपाने हवा भरावी. कॉम्प्रेसर लावू नये. आत हवेची जागा इतकी थोडी असते की एका झटक्यात सील जातं. ज्या फोर्कला अशी सोय नव्हती तिथे व्हॉल्व्ह बसवू नका. सीलची पकड वाढते, छोट्या खड्ड्यांवर फोर्क हलायला तयार होत नाही, आणि हवा हळूहळू निघून दोन बाजू वेगळ्या होतात.

प्रश्न : स्प्रिंग, ऑइल सगळं झालं. तरी ब्रेक लावताना हँडलमध्ये एक खट्का बसतो.

उत्तर : चाक उचला, फोर्कचे खालचे भाग दोन्ही हातांनी धरून पुढे-मागे हलवा. हँडलच्या मधल्या नटाजवळ खेळ जाणवला तर कोनसेट (हँडल फिरतं ते बेअरिंग) सैल आहे. तिथे नाही, पण सीलपाशी पाइप डुलतो, तर बुश (पाइप ज्यांवर सरकतो त्या कड्या) झिजलेत. वेगळे बुश नसलेल्या जुन्या फोर्कमध्ये ॲल्युमिनियमचा खालचा भागच घासलेला असतो आणि तो बदलावा लागतो. सीलपाशी पाइपवर नखाला लागणारे गंजाचे खड्डे असतील तर नवं सीलही गळेल.

यातलं काही नसेल तर ॲक्सल बघा. चाक बसवताना ॲक्सलचा मुख्य नट आवळा, पुढचा ब्रेक धरून फोर्क पाच-सहा वेळा दाबा, म्हणजे दोन्ही पाय आपोआप समांतर येतात. त्यानंतरच ॲक्सल आवळणारा बाजूचा पिंच बोल्ट घट्ट करा. उलट क्रमाने केलं तर पाय तिरके अडकतात, आणि नवी स्प्रिंग, ताजं ऑइल असूनही फोर्क अडखळत चालतो.