वडील पहाटे पलंगावरून उठताना पडले. बाथरूमची फरशी बदलून भागेल का?

आपले ७६ वर्षांचे वडील पहाटे लघवीसाठी उठताना पलंगाजवळच पडले, ते रक्तदाबाच्या आणि प्रोस्टेटच्या गोळ्या घेतात, आणि आता बाथरूमची फरशी बदलावी का, असे आपण विचारले आहे. फरशी जरूर पाहावी. परंतु ते ओल्या जागेपर्यंत पोहोचलेच नव्हते, म्हणून आधी त्यांच्या उठण्याकडे लक्ष द्यावे, असे वृद्धांच्या घरी जाऊन व्यायाम शिकवणारा फिजिओथेरपिस्ट या नात्याने मी आग्रहाने सांगेन.

आपण उभे राहताच रक्त पायांकडे उतरते. तरुणपणी रक्तवाहिन्या लगेच आकसून ते सावरतात. उतारवयात त्यांना वेळ लागतो, तेवढ्यात रक्तदाब उतरून चक्कर येऊ शकते, आणि प्रोस्टेटसाठीचे टॅमसुलोसिन, रक्तदाबाची औषधे किंवा लघवी वाढवणाऱ्या गोळ्या यांमुळे ही अडचण वाढू शकते. वडील आडवे असताना एकदा आणि उभे राहिल्यावर ३ मिनिटांच्या आत पुन्हा, कोणीतरी शेजारी उभे राहून, त्यांचा रक्तदाब मोजावा. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला, तर ही नोंद आणि झोपेच्या व आयुर्वेदिक औषधांसह सर्व गोळ्यांची यादी डॉक्टरांना दाखवावी; कोणतीही गोळी परस्पर बंद करू नये. तोवर त्यांनी कुशीवर वळून उठून बसावे, पाय खाली सोडून घोटे हलवावेत आणि एक-दोन मिनिटांनीच उभे राहावे. रात्री उशाशी लघवीचे भांडे ठेवण्यात कसलाही कमीपणा नाही.

घरात पलंगापासून बाथरूमपर्यंत मंद दिवा रात्रभर असावा आणि सरकणारे पायपुसणे काढून टाकावे. टॉवेलची दांडी माणसाचे वजन पेलत नाही, म्हणून कमोडशेजारी भिंतीत पक्का आधारदांडा बसवावा. बाथरूमचे दार आत उघडत असेल, तर पडलेल्या माणसाच्या अंगामुळेच ते अडते. ते बाहेर उघडणारे करून घ्यावे आणि कडी आतून लावू नये. झोपताना तळपायांना तेल चोळण्याची सवय असेल, तर ते नीट पुसूनच त्यांनी जमिनीवर पाय ठेवावा.

एकदा पडल्यावर ‘आता बसून राहा’ असे प्रेमापोटी सांगितले जाते, आणि त्यानेच मांड्यांची ताकद झपाट्याने जाते. व्यायामाने घरी राहणाऱ्या वृद्धांचे पडणे सुमारे २३ टक्क्यांनी कमी होते, असे अनेक चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासणाऱ्या २०१९ च्या कॉक्रेन आढाव्यात आढळले आहे. भिंतीला टेकवलेल्या खुर्चीतून शक्यतो हात न टेकता उठणे-बसणे, जमेल तितके पण रोज, इथून सुरुवात करावी.

वडील पुन्हा पडलेच, तर त्यांना घाईने ओढून उठवू नये. जांघेत तीव्र वेदना असेल किंवा एक पाय आखूड होऊन बाहेर वळलेला दिसत असेल, तर उभे न करता रुग्णवाहिका बोलवावी. आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू असताना डोक्याला मार लागला असेल, तर ते ठीक दिसत असले तरी ताबडतोब रुग्णालयात न्यावे.