दहावी सोडून बुद्धिबळ? आधी हरलेल्या डावांची वही उघडा

एका आईनं लिहिलंय: "मुलगी नववीत आहे. सात वर्षं बुद्धिबळ खेळते. फिडे (जागतिक बुद्धिबळ संघटना) रेटिंग १७८०. दिव्या देशमुख महिलांचा विश्वचषक जिंकल्यापासून तिनं धोशा लावलाय की मी शाळा सोडते, दहावी बाहेरून देते आणि दिवसभर खेळते. जगज्जेत्या गुकेशनंही चौथीनंतर शाळा सोडलीच होती, असं म्हणते. तिचे बाबा खासगी नोकरीत, मी शिक्षिका. सासूबाई म्हणतात, खेळानं पोट भरतं का? मी दोघींच्या मध्ये अडकले आहे."

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. एकदा मुलीच्या बाजूनं, एकदा तुमच्या. मुलगी खोटं काहीच बोलत नाहीये, पण तिनं गुकेशची गोष्ट अर्धीच ऐकली आहे.

चौथीनंतर त्याची नियमित शाळा थांबली हे खरं. पण त्याच घरात कान-नाक-घशाचे सर्जन असलेल्या वडिलांनी मुलाबरोबर देशोदेशी फिरण्यासाठी स्वतःची प्रॅक्टिस थांबवली आणि घर आईच्या पगारावर चाललं. ओळखीच्या लोकांनीही पैशाची मदत केली. आणि या सगळ्याचं उत्तर पटावर लवकर मिळत होतं: १२ वर्षं ७ महिने वयाला तो ग्रँडमास्टर, म्हणजे बुद्धिबळातल्या सर्वोच्च किताबाचा मानकरी झाला. म्हणजे शाळा सोडणं हा त्या घरानं उचललेल्या भाराचा सगळ्यात हलका भाग होता. तुमच्या घरात कोण रजा टाकणार, कुणाच्या पगारावर घर चालणार, हे मुलीला समोर बसवून बोला. चौदा वर्षांच्या मुलीला हिशेब कळतो. तिच्यापासून लपवू नका.

आता रेटिंगचं बघू. १७८० हे मेहनतीनं मिळवलेलं रेटिंग आहे, त्याला कमी लेखू नका. महिलांच्या किताबांची पहिली पायरी २०००ला सुरू होते, पुढची २१००ला. त्याच्या वर महिला आंतरराष्ट्रीय मास्टरसाठी २२०० आणि महिला ग्रँडमास्टरसाठी २३०० रेटिंग लागतं, शिवाय नॉर्म. नॉर्म म्हणजे बहुतेक वेळा नऊ फेऱ्यांच्या स्पर्धेत तगड्या, किताबधारी आणि परदेशी खेळाडूंसमोर ठरावीक दर्जाचा खेळ करून दाखवणं. खरा खर्च इथे लागतो. क्लासची फी त्यापुढे काहीच नाही. प्रवास, राहणं, सोबत एक मोठं माणूस, आणि नॉर्म अर्ध्या गुणानं हुकला तर पुन्हा सगळं पहिल्यापासून.

आणि दिव्या? जुलै २०२५ मध्ये ती जॉर्जियातल्या बटुमीला गेली तेव्हा तिच्या नावावर ग्रँडमास्टरचा एकही नॉर्म नव्हता. १९ वर्षांची होती. अंतिम फेरीत समोर भारताचीच कोनेरू हंपी. क्लासिकलचे, म्हणजे लांब वेळेचे दोन्ही डाव बरोबरीत सुटले, रॅपिडचा, म्हणजे कमी वेळेचा पहिलाही बरोबरीत, आणि दुसऱ्यात दिव्या जिंकली. नियमाप्रमाणे विजेतीला थेट ग्रँडमास्टर किताब मिळाला. भारताची ८८वी ग्रँडमास्टर. तुमच्या मुलीनं हा दिवस पाहिला. पण नागपूरच्या या मुलीनं पाचव्या वर्षी खेळायला सुरुवात केली होती, मधे १० आणि १२ वर्षांखालील जागतिक विजेतेपदं होती, २०२४चं जागतिक ज्युनिअर विजेतेपद होतं. त्या एका दिवसामागे चौदा वर्षं उभी होती.

त्याच पटावर पलीकडे बसलेल्या हंपीकडेही मुलीला बघायला सांगा. मला तिची कारकीर्द जास्त शिकवणारी वाटते. २००२ मध्ये पंधराव्या वर्षी ग्रँडमास्टर, मग लग्न, बाळंतपणासाठी विश्रांती, परत येऊन २०१९ आणि २०२४ मध्ये जागतिक रॅपिड विजेती. आणि या सगळ्यात ओएनजीसी या सरकारी तेल कंपनीची नोकरी. सासूबाईंच्या प्रश्नाचं एक उत्तर इथे आहे. नुसत्या बक्षिसांवर जगणारे खेळाडू फार थोडे. बाकीच्यांना सार्वजनिक उपक्रमांतल्या नोकऱ्या, प्रशिक्षण आणि पंचाचं काम हे आधार आहेत. आपल्या राज्यात शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षणही आहे. पण अर्ज भरताना बहुतेक ठिकाणी शिक्षणाचा रकाना असतोच, आणि तो कोरा ठेवून चालत नाही.

जयश्री खाडिलकर भारताच्या पहिल्या महिला आंतरराष्ट्रीय मास्टर. पुढे दैनिक 'नवाकाळ'च्या संपादक झाल्या. सासूबाईंना हे नाव नक्की माहीत असेल.

आता मला जे खरं सांगायचंय ते. जगज्जेत्याच्या आयुष्यात मला जिंकण्यापेक्षा हरण्याचे दिवस महत्त्वाचे वाटतात. २०२४च्या कँडिडेट्समध्ये, म्हणजे जगज्जेत्याचा आव्हानवीर ठरवणाऱ्या स्पर्धेत, गुकेश सातव्या फेरीत अलिरेझा फिरूझाकडून हरला. दुसऱ्या दिवशी विश्रांती होती, आणि त्यानं नंतर सांगितलं की त्याच दिवशी त्याला वाटलं, ही स्पर्धा आपण जिंकू शकतो. जिंकलाही. मग सिंगापूरला जगज्जेतेपदाच्या लढतीत डिंग लिरेनसमोर पहिलाच डाव पांढरी मोहरी घेऊन हरला. बाराव्यात पुन्हा हरला. चौदाव्या डावात डिंगनं हत्ती चुकीच्या घरात ठेवला आणि डाव संपला. तेव्हा हा अठरा वर्षांचा मुलगा रडत होता आणि रडता रडता पटावरच्या सोंगट्या पुन्हा जागच्या जागी मांडत होता.

माझ्याकडे काही वर्षांपूर्वी एक मुलगी आली होती, तुमच्या मुलीएवढीच. शंभर पानी वही घेऊन. जिंकलेल्या डावांबद्दल विचारलं तर म्हणाली, ते नाही लिहिले. वहीत फक्त हरलेले डाव. एका चालीभोवती पेन्सिलनं गोल आणि बाजूला लिहिलेलं: "घड्याळात १४ मिनिटं होती, मी १० सेकंदांत खेळले. घोडा बघितलाच नाही." कुणी सांगितलं म्हणून नव्हे, आपणहून. ती चँपियन झाली नाही. इंजिनिअरिंग करते आणि शनिवार-रविवार मुलांना शिकवून स्वतःची फी भरते. खेळ मात्र तिनं एक दिवसही सोडलेला नाही.

त्याच महिन्यात एक मुलगा आला होता. हरलेल्या डावांच्या नोंदी त्यानं स्पर्धेच्या हॉलबाहेरच फाडून टाकल्या होत्या. रेटिंग त्याचं जास्त होतं. त्याच्या वडिलांना मी शाळा सोडू नका म्हटलं, आणि आजही तेच म्हणेन.

तेव्हा ताई, माझं मत स्पष्ट सांगतो. दहावी शाळेतूनच होऊ द्या. शाळेशी बोलून स्पर्धांच्या दिवसांची हजेरी सांभाळून घ्या, आणि क्रीडा गुणांच्या सवलतीत तिच्या स्पर्धा बसतात का ते क्रीडाशिक्षकांना आत्ताच विचारा, परीक्षेच्या तोंडावर नको. रोज तीन तास खेळ पुरे, पण त्यातला एक तास हरलेल्या डावांचा, आणि चाली सुचवणारं संगणकाचं इंजिन न लावता. सुट्ट्यांत क्लासिकल स्पर्धा खेळू द्या. दहावीच्या निकालापर्यंत ती २०००च्या आसपास पोचली तर मुक्त विद्यालयातून अकरावी-बारावीचा विचार करू. तो रस्ता मी बंद करत नाहीये. नाही पोचली तरी खेळ चालू ठेवा, रेटिंगवरून घरात बोलणं मात्र नको.

भेटायला याल तेव्हा प्रमाणपत्रांची फाइल आणू नका. शेवटच्या पाच हरलेल्या डावांच्या नोंदी तिला घेऊन यायला सांगा. तुम्ही बाहेर बसा, आम्ही दोघं पट मांडतो.