किराणा विभागात नवा आहेस, तर एवढं ऐकून ठेव

सुरुवातीला तुला सगळ्यात जास्त राग गिऱ्हाइकांचा नाही, रॅकचा येईल. तासभर खपून लावलेली रांग दहा मिनिटांत विस्कटते. कुणीतरी दुधाचं पाकीट साबणांच्या मागे सोडून जातं. ते उचलून परत फ्रिजमध्ये ठेवू नकोस. किती वेळ बाहेर होतं कुणास ठाऊक. सरळ खराब मालात नोंदव.

खरी कटकट स्टॉकची. कॉम्प्युटर म्हणतो १२ नग शिल्लक, रॅकवर एकही नाही, गोदामातही नाही. चोरी होते, फुटलेला माल नोंदवायचा राहतो, काउंटरवर दोन वेगळ्या चवींची पाकिटं एकाच बारकोडवर मारली जातात. आकडा असा खोटा होतो. जिथे ऑर्डर सिस्टिमच काढते, तिथे शिल्लक दिसतेय तोवर नवा माल येतच नाही. रॅक रिकामा आणि बोलणी तुला! म्हणून रिकामी जागा दिसली की त्याच दिवशी मोज आणि सुपरवायझरकडून आकडा दुरुस्त करून घे. मला हे कळायला वर्ष लागलं.

जुना माल पुढे, नवा मागे, कितीही घाई असली तरी. जड खोकी उचलताना गुडघ्यात वाक, कमरेत नको.

आणि "आत बघून सांगा ना" म्हणणाऱ्याशी वाद घालू नकोस. माल नाही हे माहीत असलं तरी आत जाऊन ये. तेवढीच दोन मिनिटं पाठ टेकायला मिळतात.