मोबाइलवर येईपर्यंत थांबावं का?

तुमचा प्रश्न असा, की २०२५ मधले मराठी सिनेमे थिएटरात बघण्यासारखे होते का, की दोन-तीन महिने थांबून मोबाइलवर बघितले तरी चालतात. यातले बरेचसे मी इथे नाशिकलाच बघितले, म्हणून सांगतो. माझं मत जरा उलटं आहे. धमाल, हाणामारीवाला सिनेमा एक वेळ घरी चालेल, पण शांत सिनेमा थिएटरातच बघावा.

‘साबर बोंडं’च घ्या. रोहन कानवडे यांच्या या सिनेमाला अमेरिकेतल्या सनडान्स चित्रपट महोत्सवात ग्रँड ज्युरी पारितोषिक मिळालं आणि तेच बहुतेक नडलं! ‘फेस्टिव्हलवाला आहे, डोक्यावरून जाईल’ म्हणून ओळखीतले बरेच जण फिरकलेच नाहीत. गोष्ट मात्र साधी आहे. वडील गेले म्हणून मुंबईत नोकरी करणारा आनंद आईबरोबर गावी येतो. दहा दिवसांचं सुतक, भावकीचा ‘आता पोराच्या लग्नाचं बघा’ हा धोशा आणि लहानपणचा मित्र बाळ्या. या दोघांचं प्रेम दिग्दर्शक कसलाही गाजावाजा न करता दाखवतो. पार्श्वसंगीत अजिबात नाही. कॅमेरा एका जागी ठेवलेला. माणसं बोलतात, मध्येच गप्प होतात आणि त्या गप्प होण्यातच खरं काय ते कळतं. घरी बघाल तर नेमकी तेव्हाच कुकरची शिट्टी होणार नाहीतर कुरिअरवाला बेल वाजवणार. जयश्री जगताप यांनी केलेली आई तर विसरता येत नाही. तिला सगळं कळलेलं असतं, पण त्यावर ती भाषण ठोकत नाही. बाळ्या आनंदसाठी साबर बोंडं आणतो तो भाग सिन्नर-येवल्याकडच्या माणसाला जास्तच भिडेल. बांधावरचा निवडुंग आणि त्याची काटेरी फळं आपल्याला कोणी समजावून सांगायला नको.

‘दशावतार’ला गर्दी झाली आणि ती व्हायलाच हवी होती. ८१ वर्षांचे दिलीप प्रभावळकर सिनेमा अक्षरशः खांद्यावर घेऊन चालतात. रंगभूषेआड चेहरा झाकलेला असतानाही बाबुली मेस्त्री या म्हाताऱ्या दशावतारी कलावंताचा थकवा नुसत्या मानेच्या हालचालीतून दिसतो. कोकणातलं रान आणि रात्रीचे प्रसंग मोठ्या पडद्यासाठीच आहेत. तक्रार एकच: खलमंडळी फारच एकसुरी. उत्तरार्धात पुढे काय होणार हे आधीच कळत जातं, मग आपण नुसते प्रभावळकरांचं पुढचं रूप बघायला बसतो.

त्याच शुक्रवारी, १२ सप्टेंबरला, ‘आरपार’ आणि ‘बिन लग्नाची गोष्ट’ही लागले होते. एकाच दिवशी तीन मराठी सिनेमे लावून आपसात प्रेक्षक वाटून घ्यायची ही हौस मला कधीच कळलेली नाही.

‘आता थांबायचं नाय!’ मात्र घरी खुशाल बघा. महापालिकेचे सफाई कामगार रात्रशाळेत जाऊन दहावीला बसतात, ही गोष्ट सत्य घटनेवरची आहे. भरत जाधव, सिद्धार्थ जाधव दोघेही मस्त. टीव्हीवरही तेवढंच रडू येईल. वर आई-बाबा, मुलं सगळी एकत्र बसून बघतील ते वेगळंच.

‘जारण’साठी अंधार हवा. अमृता सुभाष जबरदस्त, आणि आपल्या नाशिकची अनिता दाते पडद्यावर आली की अंगावर काटा येतो. फक्त मागच्या रांगेत भीती लपवायला खिदळणारी पोरं नसावीत. माझ्या नशिबी होती. ‘गुलकंद’ ठीकठाक. टीव्हीवरच्या स्किटची सवय असेल तर आवडेल.

राहिला पैशांचा प्रश्न. शनिवार-रविवारची संध्याकाळ सोडा, मंगळवार-बुधवारचा शो बघा, तिकीट बऱ्याचदा बरंच स्वस्त पडतं. पण तोही पहिल्याच आठवड्यातला, कारण दुसऱ्या आठवड्यापासून मराठी सिनेमाला सकाळी दहाचा नाहीतर रात्री उशिराचा, असे कोणालाच न जमणारे शो उरतात. आणि सीट घेताना दाराजवळची घेऊ नका, पॉपकॉर्नवाल्यांची ये-जा शेवटपर्यंत चालू असते.