पहिल्याच सत्काराचं सूत्रसंचालन करताय?

घाबरू नका, जमेल. सुरुवातीला एवढंच सांभाळा.

१. नाव आणि हुद्दा आदल्या दिवशी सत्कारमूर्तींनाच फोन करून विचारा. आडनाव चुकलं की दुरुस्ती थेट तिसऱ्या रांगेतून येते. पुणं आहे हे!

२. पुणेरी पगडी फेट्यासारखी ऐनवेळी बांधता येत नाही, ती तयारच असते. डोक्याचं माप आधी घ्या.

३. नवखे हमखास चुकतात ते इथे: ‘पद्मश्री अमुक’ म्हणू नका. पद्म पुरस्कार ही पदवी नाही. नावाच्या मागे-पुढे लावायचा नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं १९९५ मध्येच सांगितलंय. ‘पद्मश्रीनं सन्मानित’ म्हणा. आणि ‘सन्माननीय’ दर वाक्यात नको, कान किटतात.

शेरोशायरी पुढच्या कार्यक्रमाला.